तांदळात लिहिलेलं नाव

"लीना, इथे बसायचं नसतं. सकाळची कॉफी उभ्यानेच प्यायची, अशी पद्धत आहे इथली," हे म्हणाले आणि काउंटरवर कोपर टेकून ऐटीत उभे राहिले.

मी बघतच राहिले. चोवीस वर्षं ज्या माणसाच्या हातात मी सकाळचा चहा नेऊन दिला, कपाखाली बशी नसली तर ज्याच्या भुवया वर जातात, तो माणूस चिमुकल्या कपातली कडूजहर कॉफी दोन घोटांत संपवून काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याशी हसत-खिदळत बोलत होता. त्यातलं अवाक्षर मला कळत नव्हतं. आमच्या घरात हे इतकं हसत नाहीत.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातली, इटलीतल्या पादोव्हा गावातली. हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. लग्नाच्या आधी दोन वर्षं शिष्यवृत्ती मिळवून इथल्या विद्यापीठात शिकायला होते. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्याच विद्यापीठात पाण्यावरची कसलीशी परिषद निघाली आणि यांना बोलावणं आलं. मुलाने हट्ट धरला म्हणून मलाही बरोबर घेतलं. परिषद तीन दिवसांत आटोपली. चौथा दिवस मोकळा होता आणि संध्याकाळच्या गाडीने आम्हाला विमानतळाच्या गावी जायचं होतं.

"आज तुला माझं पादोव्हा दाखवतो," सकाळी दाढी करताना हे म्हणाले होते. त्यातलं 'माझं' मला खुपलं. पुण्याला येऊन वीस वर्षं झाली, पण 'माझं पुणं' असं यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शिवाय निळा शर्ट. बॅग भरताना हा शर्ट मी ठेवला नव्हता. यांनी तो स्वतः इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तळाशी ठेवला होता आणि बरोबर आजच बाहेर काढला होता. एवढं दिसायला काही दुर्बीण लागत नाही.

आम्ही बाजारात गेलो. एका जुन्या अवाढव्य सभागृहाच्या खाली आणि दोन्ही अंगांच्या चौकांत भाजीचे ठेले लागले होते. हिरव्यागार शेंगांचे ढीग बघून यांचे डोळे चमकले.

"मटार आलेत बघ. ऐन हंगामात आलो आपण."

मटार म्हटलं की आमच्या घरी एकच गोष्ट. लग्न होऊन मी सासरी आले त्या पहिल्याच थंडीत यांनी मला एक भात शिकवला होता. फोडणी नाही, हळद नाही. तांदूळ लोण्यावर परतायचे, मटाराच्या टरफलांचं पाणी थोडं थोडं घालत सैलसर शिजवायचे, वरून मिरपूड आणि चीज. सासूबाई त्याला 'दिगूचा गिचका' म्हणायच्या. पण हे ताट चाटूनपुसून खायचे, म्हणून मीही दर हिवाळ्यात तो करत आले. माझ्या हातचा तो भात यांच्या मित्रांतही नावाजलेला होता.

ठेल्यावरच्या बाईने यांना काहीतरी विचारलं आणि हे पुन्हा हसले. मग मला म्हणाले, "मला इथे सगळे दिगा म्हणायचे. दिगंबर कुणाला जमायचं नाही. आणि गंमत म्हणजे यांच्या भाषेत दिगा म्हणजे धरण."

"चोवीस वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

सांगण्यासारखं काय आहे ते मलाही सांगता आलं नसतं. पण माझ्या पोटात दुखायला लागलं, हे खरं. सवत काही बाईच असावी लागते असं नाही. अख्खं गावही सवत होऊ शकतं. या गावाला यांनी आपलं एक नाव देऊन ठेवलं होतं, इथलं हसू वेगळं ठेवलं होतं, आणि मी मात्र हॉटेलातून पर्स घेऊन मागून चालत आलेली पाहुणी. कुठल्या गल्लीत ऊन येतं आणि कुठल्या कमानीखाली पावसात उभं राहावं, हे यांच्या पायांना पाठ होतं.

"लीना! ए लीना! इकडे ये, इथून फोटो चांगला येईल." चौकाच्या पलीकडून यांनी मोठ्याने हाक मारली. चार माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, कारण ही हाक माझी होती.

या हाकेचं थोडं सांगायला हवं. माझं माहेर नाशिकचं. वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना नद्यांची नावं ठेवली होती. थोरली शरयू आणि मी गोदावरी. घरात गोदा. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी 'अन्नपूर्णा' ठरवून ठेवलं होतं. हे म्हणाले, नाही, लीना. सासूबाई रुसल्या, नणंद हसली, पण यांनी अंगठी हातात घेतली आणि तांदळात दोन अक्षरं लिहूनसुद्धा टाकली. पाण्याच्या इंजिनिअराला नदीचं नाव का नको, याचं मला तेव्हा जरा नवल वाटलं होतं. वडिलांचा चेहरा उतरला होता. त्यांना ते नवं नाव शेवटपर्यंत घेता आलं नाही. ते मला पत्राच्या पाकिटावर 'सौ. लीना' लिहायचे आणि आत 'चि. गोदा'.

मला मात्र ते नाव आवडलं. नव्हे, मी त्या नावावर जगले. शरयूचा नवरा तिला जन्मभर 'ऐकलंस का' म्हणत आला. माझ्या दोन्ही जावा म्हणजे 'अगं' आणि 'अगं ए'. यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला नावाने हाक मारली. कचेरीतून आले की फाटकापासून सुरू, लीना, लीना. आळीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, नवरा नाव घेतो. लोकांनी हेवा करावा असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतं. ना रूप, ना शिक्षण, ना माहेरचं घबाड. एवढं एक होतं. यांनी माझ्यासाठी शोधून आणलेलं नाव.

तर, फोटो काढून झाला. मग आम्ही संत अँथनीच्या देवळात गेलो. तिथे संताच्या कबरीच्या दगडावर तळहात टेकून लोक मनातलं मागतात. भोवती नवस फेडणाऱ्यांनी फोटो लावलेले होते, बऱ्या झालेल्या पोरांचे, वाचलेल्या म्हाताऱ्यांचे. मला ते आपल्याकडच्यासारखं वाटलं आणि मी हात जोडले. यांनी सांगितलं की हरवलेलं शोधून देण्यात हा संत वाकबगार आहे. मग स्वतः पुढे झाले, दगडावर हात ठेवला आणि डोळे मिटले. रांग मागे थांबलेली, तरी हे हलेनात.

"तुमचं काय हरवलंय एवढं?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"छत्री. इथे असताना हरवली होती."

मी हसले. हे हसले नाहीत. तिथून पुढे आम्ही एका मोठ्या पटांगणात बसलो. मधोमध गवताचं बेट, भोवती पाण्याचा चर आणि त्याच्या दोन्ही काठांवर ओळीने दगडी पुतळे. आइस्क्रीम खाल्लं. यांनी एकेका पुतळ्याचं नाव सांगितलं आणि मग खिशातून कंगवा काढला. सकाळपासून ही तिसरी वेळ. डोक्यावर केस उरले होते मूठभर.

मला भूक लागली होती. समोर चांगलं स्वच्छ हॉटेल दिसत होतं. हे म्हणाले, "नको, जेवायला एक जागा आहे." असं म्हणून चालायला लागले. कमानींच्या गल्ल्या, एकीतून दुसरीत. सकाळपासून रमतगमत चाललेला माणूस आता झपझप पावलं टाकत होता. मी म्हटलं, अहो जरा हळू. यांना ऐकू गेलं नाही. एका कोपऱ्यावर थांबून यांनी शर्ट खाली ओढला, मग वळले. मी मागोमाग वळले आणि समोर पाटी दिसली.

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. भाषा येत नसली तरी अक्षरं मला वाचता येत होती. पहिला शब्द 'दा'. दुसरा माझं नाव.

"दा म्हणजे काय?" मी विचारलं.

हे पाटीकडे न बघता म्हणाले, "च्याकडे. म्हणजे लीनाकडे."

रस्त्यात उन्हं होती. एक बाई सायकलवरून घंटी वाजवत गेली. मी चोवीस वर्षं अंगावर मिरवलेलं नाव तिथे भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेलं होतं, आणि रंग बघता ते माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही कोण?"

"खाणावळ आहे. तिची आई चालवायची तेव्हा, लेकीच्या नावाने. मी दोन्ही वेळा इथे जेवायचो."

"मी खाणावळीचं नाही विचारलं."

यांनी पुन्हा शर्ट खाली ओढला. मीच बोलले. "लग्न करायचं होतं तिच्याशी?"

यांनी जरा वेळ रस्त्याकडे बघितलं. खोटं बोलायचं म्हटलं तर बोलता आलं असतं. "तिला कधी विचारलंच नाही मी," हे म्हणाले. "रोज ठरवायचो, आज विचारू. मग घरून वडिलांचं पत्र आलं, परत ये म्हणून, आणि मी आलो. कुणालाच काही माहीत नाही. तिलासुद्धा नाही."

"आणि मग तिचं नाव मला."

"तेव्हा वाटलं, निदान नाव तरी..." पुढचं यांनी गिळलं. "चल, नको इथे. दुसरीकडे जाऊ."

"मला भूक लागली आहे," मी म्हटलं आणि दार ढकलून यांच्या आधी आत शिरले.

मला तिला बघायचं होतं. बाकी काही नाही. फाटकापासून जिला हाका मारल्या जात होत्या आणि जिच्या वतीने मी इतकी वर्षं ओ देत होते, ती कशी दिसते ते बघायचं होतं. त्या क्षणी मला संसार, मुलगा, चोवीस वर्षं, काही आठवत नव्हतं. एकच प्रश्न होता, या सगळ्यात माझं असं काही होतं की नव्हतं.

आत दहाबारा टेबलं, त्यांवर जाड कागद अंथरलेला. तिशीतली एक हसरी मुलगी आली. तिला इंग्रजी येत होतं. ती घरची सून आहे असं तिने सांगितलं. यांनी यादी न बघता जेवण मागवलं. थोड्या वेळाने दोन खोलगट ताटं समोर आली आणि मी चमचा हातात घेतला तो तसाच राहिला. सैलसर भात, हिरवे मटार, लोण्याचा वास, वर मिरपूड आणि चीज. दिगूचा गिचका. म्हणजे नुसतं नाव नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा ही बाई दर हिवाळ्यात येऊन बसत होती, आणि मीच तिला पाट मांडून देत होते.

मी एक चमचा खाल्ला. मीठ जास्त होतं. हे मात्र खातही नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसले होते.

मग ती आली. पन्नाशीची, भरल्या अंगाची, केस आखूड, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. एप्रनला हात पुसत टेबलाटेबलापाशी थांबत होती. रूपाने म्हणाल तर माझ्यासारखीच, चारचौघींसारखी. आमच्यापाशी येताच हे ताडकन उभे राहिले. मांडीवरचा रुमाल खाली पडला. हे भराभर बोलायला लागले. मला फक्त एक शब्द कळत होता. दिगा. पुन्हा दिगा. मग छातीवर हात ठेवून, दिगा.

ती हसली. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. लग्नाच्या मांडवात कुणी मावशी येऊन गालाला हात लावते, ओळखलंस का विचारते, आणि आपण 'म्हणजे काय, ओळखलं की' म्हणतो, तेव्हाचं ते हसू असतं. तिचे डोळे यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हतं.

"ओळखलं तिने," हे माझ्याकडे वळून म्हणाले.

तिने सुनेला हाक मारली. दोघींचं काही बोलणं झालं. सून यांच्याकडे वळून अदबीने इंग्रजीत म्हणाली, "त्या वर्षांत तुमच्याकडचे दोनतीन विद्यार्थी जेवायला यायचे, असं सासूबाई म्हणतात. त्या विचारतायत, रात्री जेवण झाल्यावर गिटार वाजवायचे, ते तुम्हीच का?"

यांना साधी शीळ घालता येत नाही. आरतीला झांजासुद्धा यांच्या हातात कुणी देत नाही.

यांनी वाकून रुमाल उचलला, टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हो. मीच तो."

तिचा चेहरा उजळला. तिने यांचे दोन्ही हात हातात घेतले, गिटार वाजवल्यासारखी बोटं हलवली आणि खूप बोलली. हे मान हलवत राहिले. दुसऱ्याच कुणाच्या तरी आठवणी हे उभ्याने ऐकून घेत होते.

मला आनंद झाला. लपवायचं कशाला? जिच्यासाठी सकाळपासून कंगवा फिरत होता, तिच्या लेखी हा माणूस नव्हताच. मनात म्हटलं, बरं झालं, असंच पाहिजे. मग मी यांच्याकडे बघितलं. निळा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून उभे होते, कारण ते काढून ठेवायला जागा नव्हती. माझ्या पोटातली आग विझली नाही. पण त्या आगीने जाळावं असं समोर काही उरलं नाही.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. त्यातला नावाचा शब्द आपल्यासारखाच होता, तो मला कळला. तरी सुनेने इंग्रजीत विचारलं, "तुमचं नाव काय, असं विचारतायत."

यांनी माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांत हा माणूस मला घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

दोन अक्षरं. तेवढीच म्हणायची होती. ती आधी टाळ्या वाजवून हसली असती, माझंही नाव तेच म्हणून. मग यांच्याकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे, आणि मग सगळं तिच्या लक्षात आलं असतं. भरल्या खाणावळीत, तिच्या सुनेसमोर. आणि मला ते म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. चोवीस वर्षांचं उट्टं एका दमात निघालं असतं.

"गोदावरी," मी म्हटलं.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ते नाव मी लग्नानंतर मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ती म्हणाली, "गो-दा-वा-री," एकेक अक्षर चाखल्यासारखं, आणि सुनेकरवी अर्थ विचारला. मी म्हटलं, नदी. मोठी नदी आहे आमच्याकडे. तिने माझा गाल थोपटला, भात आवडला का विचारलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

हे खाली बसले. ताटातला भात यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, मान वर न करता. मीही खाल्ला. नंतर मात्र तो भात मी पुन्हा कधी केला नाही आणि यांनी मागितला नाही.

बाहेर पडलो तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही पुन्हा त्या पुतळ्यांच्या पटांगणात येऊन पाण्याकाठी बसलो.  मला वाटलं, आता हे क्षमा मागतील. नाही मागितली. एकदा माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, पहिलं अक्षर ओठांवर आलेलं मला दिसलं. ते तसंच परत गेलं.

"अगं," हे म्हणाले, "निघायला हवं. गाडीची वेळ होतेय."

मी पर्स उचलली आणि उठले.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. कागदोपत्री मी अजून लीनाच आहे, ते बदलायला कोण कचेऱ्या झिजवणार? पण शरयूला सांगितलं, मला पुन्हा गोदा म्हणत जा. ती रडली. का ते मी तिला विचारलं नाही आणि तिने मला विचारलं नाही. शेजारच्या वहिनींच्या मात्र डोळ्यांतून काही सुटत नाही. परवा फुलं तोडताना कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पूर्वी भाऊसाहेब फाटकापासून तुम्हाला नावाने हाका मारायचे हो. आम्हाला किती हेवा वाटायचा. हल्ली नाही ऐकू येत."

काय सांगावं, याचा मी विचार करत होते, इतक्यात घरातून आवाज आला.

"अगं."

चोवीस वर्षं नावाने हाक येत होती आणि ती दुसरीचीच होती. या हाकेला नाव नाही, पण या घरात ती दुसऱ्या कुणाला लागू होत नाही. मी फुलांची परडी वहिनींच्या हातात दिली आणि म्हटलं, "आले हो."